भूल उतरताना आत्या काय बोलली

४ मार्च
सकाळपासून ढगाळ, पण उगाचच.

लंबू,

तुझं पत्र मिळालं. कागदाच्या डोक्यावर बाकीचं जग 'श्री' लिहितं, तिथे आपल्या घरात हवामान लिहायचं, हे तुला अक्षर गिरवायला बसवलं तेव्हापासून सांगत आलेय. आणि तू ती जागा कोरी ठेवलीस! कोरी जागा दिसली की लोक तिथे देव आणून बसवतात. पुन्हा असं करू नकोस.

फोन का करत नाहीस, हेही विचारू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू नुसता 'हो हो' करतोस. कागदावर माणूस सापडतो.

आता मुद्द्याचं. आधी खुर्चीवर बस, मग वाच. माझ्या आतड्यात गाठ निघालीय. काढली नाही तर वाढणार, मग आतडं बंद पडणार, आणि मग मीही बंद पडणार. काढली तर बहुतेक सुटेन. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सगळी नोकरी, जिथे तपासलं त्याच हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून उभ्यानं काढली आहे. सर्जनही आपलाच, माझ्यासमोर शिकलेला. पहिल्या दिवशी हातमोजे उलटे घालून आला होता.

तर हा पोरगा (टक्कल पडलंय आता, पण माझ्यासाठी पोरगाच) फिल्म उजेडात धरून म्हणतो काय, "सिस्टर, आम्ही आमच्याकडून सगळं करू. बाकी वरच्याच्या हातात." मी विचारलं, "वर कोण बसतं रे? माझ्या वेळी वर कपडे धुवायचं खातं होतं." तो हसला. मी हसले नाही. बाहेर येते तर भिंतीवर पाटी: 'आम्ही उपचार करतो, तो बरे करतो.' खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, "हा 'तो' कोणत्या दिवशी बसतो? मला थेट त्याचीच वेळ दे." ती म्हणाली, "आजी, बाजूला व्हा, पुढचा नंबर."

मी ऑपरेशन करून घेणार नाही. ज्याला स्वतःच्या हातांचा भरवसा नाही त्याच्या हाती मी माझं पोट देणार नाही. विषय संपला.

तुझं काय चाललंय? 'हल्ली साइटवर सगळे फार मान देतात' असं लिहिलंयस. एकाएकी? काय केलंस?

आत्या

९ मार्च
ऊन. लोखंडाला हात लाववत नाही.

आत्या,

पत्र उभ्यानंच वाचलं, तीच चूक झाली. 'गाठ' या शब्दाशी आलो आणि तोंडातून निघालंच, "अरे दे—". पुढचं गिळलं. ज्याच्या तोंडून देव निघेल त्यानं त्या दिवशीची भांडी घासायची, हा घरचा नियम मी इथे एकटा राहूनही पाळतो. अर्धाच निघाला होता म्हणून अर्धी भांडी घासली. बाकीची तशीच पडून आहेत.

पण आत्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? 'वरच्याच्या हातात' हे माणसं 'बघू या' म्हणतात तसं म्हणतात. त्यात काही नसतं. आमचा वायरमन साधा बल्ब लावतानाही देवाचं नाव घेतो, आणि शॉक बसला की त्याच देवाचा उद्धार करतो. तुझा सर्जन चांगला आहे की नाही ते सांग. वर बघून काय बोलतो ते जाऊ दे, खाली बघून काय करतो ते महत्त्वाचं.

आणि आपण तरी कुठे सुटलोय? गेल्या महिन्यात इथल्या एकाची आजी वारली. सगळ्यांनी मिळून कार्ड पाठवायचं ठरलं. कार्डावर छापलेलं, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' मी गुपचूप सही केली. काय करणार होतो? 'ईश्वराशी माझी ओळख नाही, तरी दुःखात सहभागी आहे' असं लिहू?

मान देतात त्यात विशेष काही नाही. लिफ्ट बसवून झाली की तिची शेवटची तपासणी माझ्याकडे असते, आणि मी उंच आहे, म्हणून फोरमन गमतीनं मला 'महाराज' म्हणतो. त्याचं ऐकून बाकीचेही म्हणतात. एवढंच.

ऑपरेशनची तारीख घे. घेतलीस की कळव.

तुझा लंबू

१५ मार्च
वारा सुटलाय. खालच्या काकूंचे दोन टॉवेल माझ्या गॅलरीत येऊन पडलेत.

महाराज,

उंचीमुळे कुणी महाराज होत नाही. जिराफाला कुणी महाराज म्हणतं का? तू काहीतरी लपवतोयस. लहानपणी बरणीतली साखर खाल्लीस की म्हणायचास, 'मी फक्त झाकण बघत होतो, एवढंच.' लपवायचं असलं की तुझं 'एवढंच' येतं. खरं काय ते लिही.

इकडे खालच्या काकूंना माझ्या गाठीचं कळलं. मी सांगितल्याशिवाय कळणं शक्यच नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं असणार. आता त्या रोज गुडघे धरत धरत जिना चढून येतात आणि म्हणतात, "तुमच्यासाठी आजही प्रार्थना केली हं." यावर मी काय म्हणायचं ते सांग. 'आभारी आहे' म्हटलं तर माल पोचल्याची पोच दिल्यासारखं होतं. 'कशाला केलीत' म्हटलं तर एवढा जिना चढून आलेल्या बाईचं तोंड पडतं. काल विषय बदलायला विचारलं, "तुमचे गुडघे कसे आहेत?" तर म्हणाल्या, "देवाच्या कृपेनं दोन्ही दुखतायत." मी इतकी हसले की पोट धरून खाली बसावं लागलं. त्यांना वाटलं कळ आली, आणि लगेच आणखी एक प्रार्थना झाली.

ऑपरेशनचं म्हणशील, तर सर्जनला मी माफ केलं. तू म्हणतोस तेही खरं आहे, त्याचा हात चांगला आहे. पण भूल देणारी डॉक्टरीण नवी आहे आणि तिच्या गळ्यात ताईत आहे. भुलीचं औषध वजन बघून देते की ताईत बघून, कुणास ठाऊक. शिवाय थिएटरला कसलासा हिरवट रंग दिलाय, मला तो बघवत नाही. शिवाय उन्हाळ्यात टाके चिडतात. तेव्हा घाई नको.

आत्या

२१ मार्च
पुन्हा ऊन. कालच्यासारखंच, मेलं.

आत्या,

पकडलंस. सांगतो.

लिफ्टची पहिली फेरी वजनं ठेवून होते आणि दुसरी माणसं बसवून. त्यात आम्हीच बसायचं असतं. दार लावण्याआधी मी उभ्याउभ्या डोळे मिटतो आणि तोंडातल्या तोंडात म्हणतो: दोर, ब्रेक, दाराचं कुलूप, वेग आवरणारं चाक, खालच्या स्प्रिंगा, घंटी. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याला आपण खरंच हात लावून पाहिलं का ते आठवायचं, आणि मगच पुढचं घ्यायचं. तुझंच आहे हे. पोट शिवण्याआधी बोळे आणि चिमटे मोजायचीस तसं.

माणसांना वाटलं, मी जप करतो.

पहिल्यांदा गंमत वाटली, म्हणून बोललो नाही. मग, खोटं कशाला सांगू, बरं वाटायला लागलं. चहा पहिला मला. सावलीतली खुर्ची मला. एक दिवस आमचा फिटर नवी मोटरसायकल घेऊन आला, "महाराज, हिच्यासमोर दोन मिनिटं उभे राहा." मी उभा राहिलो, डोळे मिटले, उघडले आणि म्हटलं, "मागच्या चाकाचा नट ढिला आहे." डोळे मिटायच्या आधीच दिसला होता मला तो! पण त्या दिवसापासून माझी काही धडगत नाही. लोक बायकोची बाळंतपणं विचारतात.

तुझं पत्र आलं आणि माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उभं राहून सरळ सांगून टाकलं. "मी देव मानत नाही. मी जप करत नाही. मी लिफ्टच्या भागांची नावं घेतो." फोरमननं डब्याला झाकण लावलं, हात पुसले आणि म्हणाला, "बघा रे. जो खरा असतो ना, तो कधी कबूल करत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या, आता माझा भाव दुप्पट झालाय!

वर त्यांनी माझ्याकडून ती नावं मागून घेतली. आता फेरीआधी सगळे रांगेत उभे राहून, डोळे मिटून म्हणतात, "दोर, ब्रेक, कुलूप..." परवा वायरमन मधेच डोळे उघडून ओरडला, "महाराज, माझा कुलपाला हात लावायचा राहिला!" आणि धावत गेला. आता हे मी बंद पाडू कसं, आणि कशासाठी पाडू, ते तूच सांग.

माझं झालं. आता तुझी पाळी. आधी सर्जनचं 'वरच्याच्या हातात', मग ताईत, मग भिंतीचा रंग, मग उन्हाळा. तू काय मला ओळखत नाहीस की मी तुला? भिंत हिरवट आहे म्हणून तू मरायला निघालीस? खरं कारण लिही. आईबाबा गेल्यावर तू मला उचलून आणलंस, तेव्हापासून मला तुझ्याशिवाय कुणी नाही. हे फोनवर बोललो असतो तर तू गॅस बंद करायचं निमित्त काढून पळाली असतीस. म्हणून लिहितोय.

तुझा लंबू

२७ मार्च
उकाडा. पंखा फिरतोय, पण नुसता दाखवायला.

लंबू,

तुझं पत्र वाचून मी एकटीच घरात खो खो हसत होते. काकू धावत वर आल्या. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरात काहीतरी आहे हो." झालं, माझ्याच जिन्यात तुझी आणखी एक भक्तीण तयार झाली.

बंद पाडू नकोस. ती माणसं कुलपाला हात लावून येतायत ना? मग डोळे मिटून म्हणू देत नाहीतर नाचत म्हणू देत.

आता खरं कारण. लिहिताना हात अडतोय, पण तू लिहिलंस तर मलाही लिहायला हवं.

भूल उतरताना माणसाच्या तोंडाला दार राहत नाही. हे मी जितकं पाहिलंय तितकं कुणी पाहिलं नसेल. एक मोठे न्यायाधीश होते, ते सगळ्यांना 'माझ्याशी लपाछपी खेळा' म्हणत होते. एक कडक मुख्याध्यापिका 'आई, मी शाळेत नाही जाणार' म्हणून हुंदके देत होती. आणि बहुतेक सगळे एकदा तरी 'देवा' म्हणतात. मानणारे म्हणतात, न मानणारेही म्हणतात. मी शेजारी उभी राहून मनात हसायचे. म्हणायचे, बघा, आले वळणावर.

त्या हॉस्पिटलात माझी गोष्ट झालेली आहे. रोज सकाळी सगळा स्टाफ प्रार्थनेला उभा राहायचा, मी तेवढ्या वेळात हत्यारं लावून ठेवायचे. त्यावरून मला काय काय ऐकवलं! वरपर्यंत तक्रार गेली. बढती अडली. कुणी गोड बोलून बघितलं, कुणी घाबरवून बघितलं. मी हलले नाही. माझ्याबरोबरच्या दोघीतिघी अजून तिथे आहेत, आणि त्या माझ्या पलंगाभोवती उभ्या राहणार. मी तिथे तोंड उघडं टाकून पडणार. आणि समजा मी म्हटलं 'देवा'? मग आजवर जपलेलं सगळं एका शब्दात पाण्यात. म्हणतील, "बघा, शेवटी आलीच ना!" आणि मला पत्ताही नसेल.

मरायची भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण याची जास्त वाटते. हस हवं तर.

आत्या

१ एप्रिल
आभाळ भरून आलंय. तारीख बघून थाप समजू नकोस, खरंच आलंय.

आत्या,

हसलो. आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता मी सांगतो ते ऐक. मी येतोय. शुद्धीवर येताना तुझ्याजवळ मी बसेन, आणि तुझ्या त्या मैत्रिणींना पडद्याबाहेर थोपवेन. तू जे बोलशील ते ऐकणारा मी एकटा. नंतर विचारलंस तर जे बोललीस तेच सांगेन, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. आणि समजा म्हणालीसच 'देवा', तरी काय बिघडतं? पायाला ठेच लागली की आपण 'आई गं' म्हणतो, तेवढ्यानं आई थोडीच येते? मला माझी आई कधी आलेली आठवत नाही. तूच यायचीस.

तुझ्या सर्जनला मी फोन केला आणि तारीख घेऊन टाकली. तुला विचारलं नाही. ओरड हवं तेवढं, पण समोर ओरड. मी आदल्या दिवशी पोचतोय.

रजेच्या अर्जाला कारण द्यावं लागलं, त्यामुळे इथे सगळ्यांना कळलं. काल सकाळी सगळे नव्या लिफ्टसमोर जमले होते. मी जाऊन उभा राहिलो तर फोरमन म्हणाला, "महाराज, आज तुम्ही नाही. आज आम्ही तुमच्या आत्यांसाठी डोळे मिटतो." आणि मिटले सगळ्यांनी. ते नुसती भागांची नावं घेत नव्हते, हे मला कळत होतं. तुझ्या काकूंना काय उत्तर द्यायचं म्हणून विचारलं होतंस ना? मी सगळ्यांना चहा पाजला.

तुझा लंबू

२६ एप्रिल
हवामान माहीत नाही. खिडकीपर्यंत जायची परवानगी नाही.

लंबू,

घरी आले. गाठ साधी निघाली, रिपोर्ट आला. टाके ओढतात, जेवण म्हणजे पांढरं पाणी, बाकी झकास. काकू रोज म्हणतात, "देवानं वाचवलं हो." मी सर्जनला सांगितलं, "अरे, कापलंस तू आणि नाव त्याचं झालं. तुला काही वाटत नाही का?" तो म्हणाला, "सिस्टर, आम्हाला सवय आहे."

आता मला एक सांग. मला धड शुद्ध आली आणि दुसऱ्याच दिवशी तू साइटचं निमित्त करून पळालास. पलंगाजवळ होतास तेव्हा माझ्या नजरेला नजर देत नव्हतास. विचारलं की म्हणायचास, 'पत्रात लिहितो, एवढंच.' तुझं 'एवढंच' मला पाठ आहे! त्यात त्या सिस्टर मला बघून तोंडाला पदर नाहीतर रुमाल लावत होत्या. भुलीची डॉक्टरीण मान वळवून हसत होती. सर्जन टाके बघायला आला तो कानापर्यंत लाल.

म्हणजे मी म्हटलं. म्हटलं ना?

तू कबूल केलं होतंस, एक अक्षर बदलणार नाही. मी बसलेय, टेकून बसलेय, दोन उशा आहेत पाठीला. सांग काय ते.

आत्या

२ मे
मळभ. पण पडणार नाही, असं फोरमन म्हणतो.

आत्या,

जसं घडलं तसं लिहितो.

तू आधी तीनदा म्हणालीस, "खिडकी लावा, मांजर दुधाला तोंड लावेल." खिडकी बंदच होती आणि मांजर कुणाचं ते मला माहीत नाही. मग भुलीची डॉक्टरीण वाकली, तर तिच्या गळ्याकडे बघून म्हणालीस, "उन्हाळ्यात मान खाजत असेल गं, दोरा बदल." ती हसली आणि तिनं तिथल्या तिथे मान खाजवली. तिला आणि सर्जनला मी पडद्याबाहेर ठेवू शकलो नाही, हॉस्पिटल त्यांचं आहे. सर्जन जवळ येऊन म्हणाले, "सिस्टर, ऐकू येतंय का?" तर तू त्यांचा कान धरलास. म्हणालीस, "पोक काढून उभा राहू नकोस. बायकोनं कसा काय पसंत केला तुला?" मग त्यांच्या टकलावरून हात फिरवून विचारलंस, "केस कुठे ठेवलेस रे?" हे मात्र पडद्याबाहेर सगळ्या वॉर्डला ऐकू गेलं. त्यावरूनच हसतायत सगळे. मग तू झोपलीस.

देव एकदाही नाही. शपथेवर सांगतो, कुणाची ते तू ठरव.

इथे पत्र संपवलं असतं तरी मी खोटं बोललो असं झालं नसतं. पण त्या दिवशी देवाचं नाव निघालं, आत्या. बाहेरच्या बाकावर निघालं. माझ्या तोंडून.

सांगितलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती. दार उघडेना. कुणी काही सांगेना. मग आतून एक सिस्टर पळत बाहेर आली आणि थोड्या वेळानं रक्ताच्या पिशव्या घेऊन पळत आत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी सवयीनं डोळे मिटले. आणि म्हणायला काहीच नव्हतं. त्या दाराच्या आत जे चाललं होतं त्यातल्या एकाही गोष्टीला मी हात लावलेला नव्हता. हे ठीक आहे, आता पुढचं, असं म्हणायला माझ्याकडे एकही वस्तू नव्हती. हात नुसते मांडीवर. इतकी भीती मला लिफ्टमध्ये कधी वाटली नाही.

आणि मी म्हटलं, "देवा, हिला नेऊ नकोस. मला दुसरं कुणी नाही." मनात नाही, मोठ्यानं. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा म्हटलं. मग दार उघडेपर्यंत म्हणतच होतो.

आता मानायला लागलो का? नाही. आज विचारलंस तर आजही नाही. पण त्या वेळी जे म्हटलं ते तोंडदेखलं नव्हतं, अगदी मनापासून म्हटलं. ज्याच्या भीतीनं तू ऑपरेशन टाळत होतीस ते मी धडधडीत शुद्धीत, भूल न घेता करून बसलो. तू झोपेतसुद्धा सांभाळलंस आणि मला जागेपणी जमलं नाही. म्हणून तुझ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून पळालो.

हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझा लंबू

७ मे
लख्ख ऊन. स्वतः चालत खिडकीपर्यंत जाऊन पाहिलं.

लंबू,

आधी एक सांगते. सर्जनचं लग्नच झालेलं नाही. म्हणून लाल झाला होता. आता मी त्या पोराला तोंड कसं दाखवू?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागवायचं ठरवलं. चांगलं कडक पत्र मनात जुळवूनही ठेवलं होतं. लिहायला बसले तर येईना. डोळ्याला पाणी यायला लागलं, आणि टाके असताना रडणं फार दुखतं, हे मी इतकी वर्षं पेशंटना सांगत आले आणि मला आत्ता कळलं.

मी सगळी नोकरी त्या दाराच्या आत काढली. आत बरं असतं रे. हातात चिमटा असतो, बोळे असतात, कुणीतरी काहीतरी मागत असतं आणि आपण ते देत असतो. घाबरायला सवड नसते. बाहेरच्या बाकावर माणसं देवाचा धावा करायची, त्याचा आवाज आत यायचा आणि आम्ही दार नीट लावून घ्यायचो. त्या बाकावर मी कधी बसले नाही. तू बसलास, माझ्यासाठी.

देव नाही. हे तुला लहानपणीही सांगितलं, आजही सांगते. रक्त घेऊन पळणारी सिस्टर होती, शिवणारा टकल्या होता, त्यांनी मला वाचवलं. पण ऐकणारं कुणी नाही हे पक्कं ठाऊक असताना तू तिथे बसून मोठमोठ्यानं मला मागत होतास. लंबू, मला जन्मात कुणी असं मागितलेलं नाही. लग्नासाठी तर नाहीच.

पत्र फाडायला सांगितलंयस. नाही फाडणार.

आत्या